मेलेल्या मालकाचं पाणी

रोममध्ये गरिबाला तीन गोष्टी फुकट मिळतात. टायबर नदीचा वास, मोठ्या घरी सकाळचा मुजरा घालण्याचा मान, आणि कोंडाळ्यावरचं, म्हणजे सार्वजनिक दगडी हौदावरचं, पाणी. आव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याशी कुंभारगल्लीत राहणाऱ्या ओपिअसला पहिल्या दोन भरपूर मिळत. तिसरीही कायद्याने फुकटच होती, फक्त मिळत नव्हती.

ओपिअस धंद्याने परीट. म्हणजे सकाळपासून दगडी टाकीत पोटऱ्यांपर्यंत शिळ्या मुतात उभं राहायचं आणि टेकडीवरच्यांचे टोगे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायची लोकरी वस्त्रं, पायांनी तुडवायचे. त्यासाठी गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मडकी ठेवलेली असत. जाणारायेणारा त्यात आपला वाटा टाकी. आठवडाभर मुरलं की त्यातूनच मोठ्या लोकांचा पांढराशुभ्रपणा निघे. "आपण नसतो तर ही माणसं मळकीच राहिली असती," ओपिअस म्हणायचा, आणि टाकीतले बाकीचे परीट हसत हसत आणखी जोरात तुडवायचे. मालकांना पायाखाली घेण्याची परवानगी असलेला रोममधला हा एकच धंदा.

कोंडाळं गल्लीच्या तोंडाशीच होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याचं पाणी वर चढलं. पाणी खाली वाहतं असं शाळेत शिकवत असतील. रोममध्ये ते पैशाकडे वाहतं. आवलस काल्विदिअस नावाच्या सरदाराने आपल्या माशांच्या तळ्यासाठी रीतसर परवाना काढला, सम्राटाच्या कचेरीचा शिक्का मारून घेतला आणि नळ वळवून नेला. त्याचे मासे नामांकित होते. एका मासोळीला त्याने पहिल्या बायकोचं नाव दिलं होतं आणि तिला तो हाताने भरवायचा, जे बायकोला कधी भरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ओपिअसची बायको सेक्स्तिया तीन गल्ल्या ओलांडून पाणी आणायची आणि पाच मजले चढायची. तिचे गुडघे कामातून गेले होते. पण गुडघ्यांचं सोडा. मागच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या विबियाच्या बिऱ्हाडाला आग लागली. लोक बादल्या घेऊन कोंडाळ्यावर धावले, तर तिथे वाळलेलं शेवाळ. चार जण धापा टाकत टेकडी चढून काल्विदिअसच्या दारात गेले. कारभारी फिलेरोस म्हणाला, "तळ्यात बादल्या बुडवायच्या नाहीत. मासे बिचकतात." विबियाच्या दोन्ही नाती वरच्या मजल्यावर होत्या. मोठी सात वर्षांची होती. त्या कारभाऱ्याला मात्र त्या रात्री झोपही छान लागली असणार.

तर मुद्दा असा की गल्लीला पाणी हवं होतं, आणि ते मिळण्याचा एकच रस्ता होता. परवान्याचं पाणी घराचं नसतं, माणसाचं असतं. माणूस मेला की त्याचा हक्कही मेला. वारसाने नव्याने अर्ज करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत पाणी सार्वजनिक कोंडाळ्यात सोडायचं. काल्विदिअस एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याला रक्ताचा खोकला होता. गल्ली वाट बघत होती.

वाट बघण्याची गल्लीची रीतही पाहण्यासारखी. पहाटे गल्लीतले पंधरावीस आश्रित टोगे गुंडाळून टेकडी चढत, काल्विदिअसच्या दिवाणखान्यात रांगेने उभे राहत आणि "मालकांना उदंड आयुष्य लाभो" म्हणून पाव आणि सॉसेजची टोपली घेऊन खाली येत. संध्याकाळी तेच लोक नाक्यावरच्या देवळीत त्याच देवांसमोर धूप जाळून नेमकं उलटं मागत. देव बिचारे गोंधळले असावेत, कारण म्हातारा धड मरतही नव्हता आणि धड बराही होत नव्हता.

यात ओपिअसची एक खुबी होती. त्याला काल्विदिअसची हुबेहूब नक्कल यायची. अंगलट तीच, बाकदार नाकही तसंच. टाकीत तुडवता तुडवता तो उजवा पाय ओढत चालायचा, दोनदा खोकायचा, बोटातली न असलेली अंगठी टाकीच्या कडेवर टकटक वाजवायचा आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "बघू, बघू." काल्विदिअसकडे कुणी काहीही मागितलं की त्याचं हेच उत्तर असे. अकरा वर्षांत गल्लीने पाण्यासाठी सात वेळा अर्ज केला होता, आणि सात वेळा त्याने बघितलं होतं.

एकदा फिलेरोस धुतलेले कपडे न्यायला आला आणि दारात उभा राहून सगळा तमाशा बघून गेला. फिलेरोस स्वतः एकेकाळचा गुलाम. मालकाने मुक्त केल्यापासून तो मालकापेक्षा ताठ चालायचा.

"आता चाबूक," ओपिअस घरी येऊन म्हणाला.

"नशीब समजा," सेक्स्तिया म्हणाली. "चाबकाने निदान पाठ तरी सरळ होईल."

चाबूक आला नाही, बोलावणं आलं. मोठ्या घराण्यांत अंत्ययात्रेची एक चाल आहे. मेलेल्याचा मेणाचा मुखवटा आणि त्याचेच कपडे घालून एक नकलाकार तिरडीपुढे चालतो, मेलेल्यासारखा बोलतो, दोन विनोदही करतो. घराणं जितकं मोठं तितका नकलाकार अस्सल लागतो. काल्विदिअसला आपली अंत्ययात्रा फसलेली नको होती.

म्हातारा पलंगावर उशांना टेकून बसला होता. "चालून दाखव," तो म्हणाला. ओपिअस पाय ओढत चालला.

"मी असा लंगडतो?"

"नाही मालक. आपण जरा जास्त लंगडता. मी लाजेखातर कमी केलं."

म्हातारा खोकून खोकून हसला. पलंगपोसावर रक्ताचे शिंतोडे उडाले. मग त्याने ओपिअसला अर्धा तास शिकवलं. पहिला खोकला कोरडा, दुसरा ओला. अंगठी दोनदा वाजवायची, तिसऱ्यांदा कधीच नाही. "आणि 'बघू' म्हणताना समोरच्याकडे बघायचं नाही," तो म्हणाला. "बघितलं तर द्यावं लागतं."

ओपिअसला तो त्या दिवशी जरासा आवडला, हे कबूल करायला हवं. ज्याच्या मरणासाठी रोज धूप जाळायचा, त्याच्याकडून खोकायला शिकून यायचं! घरी येऊन त्याने सेक्स्तियाला सांगितलं, "माणूस वाईट नाही गं."

"मग कोण वाईट आहे? मासे?" ती म्हणाली आणि रिकामी घागर त्याच्या हातात दिली.

हिवाळा लागता लागता फिलेरोस पुन्हा आला. या खेपेला आवाजात साखर. "ओपिअसराव, मालकांना फार अशक्तपणा आलाय. उठवत नाही. मुजऱ्याला ते दिसले नाहीत तर आश्रित घाबरतील. तेव्हा त्यांचीच इच्छा आहे की थोडे दिवस तुम्ही त्यांच्या जागी बसावं. रंगीत तालीम समजा."

"मालकांची इच्छा?"

"त्यांचीच. पण कुठे बोलायचं नाही. शपथ घ्या."

ओपिअसने शपथ घेतली. घ्यायला नको होती, पण जन्मभर मुतात उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी मालकाच्या खुर्चीत बस म्हटलं, तर तो आधी बसतो आणि मग विचार करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या तोंडाला खडूची पूड फासली, डोक्यावरून लोकरी शाल ओढली आणि बोटात मालकाची खरीखुरी मोहोरेची अंगठी चढवली. दिवाणखान्याच्या पार मागे, पातळ पडद्याआड, अंधारात त्याला बसवलं. काल्विदिअसचा मुलगा क्विंतुस खुर्चीशेजारी उभा राहिला. बाहेर ओपिअसचे शेजारी एकेक करून वाकत होते, आणि तो हात वर करत होता.

आवडलं त्याला. का खोटं बोला? ज्या सुताराने सहा महिने त्याची खाट दुरुस्त करून दिली नव्हती तो जमिनीला नाक लावत होता. नंतर स्वयंपाकघरात पांढरा पाव मिळायचा, आणि एकदा तर तळलेला मासासुद्धा. तो खाताना त्याला वाटलं, ही कदाचित मालकाची पहिली बायको असेल.

तीन आठवडे असे गेले. घरी मात्र सेक्स्तियाचा पारा चढलेला. "मेला कसला चिवट म्हातारा आहे! सुतार सांगत होता, हल्ली रोज खुर्चीत बसतो म्हणे, चांगला हात वर करतो. तो मरेपर्यंत आम्हीच मरायचं?"

ओपिअस पावाचे तुकडे मोडत राहायचा.

मग एक दिवस टाकीत कपडे तुडवताना त्याचा पाय थांबला. परटाला घराघराची कुंडली ठाऊक असते. कोण कुणाच्या खोलीत झोपतं, कोण दारू सांडतं, कुणाला मूल होणार, सगळं चादर सांगते. काल्विदिअसच्या घरचं गाठोडं त्याच्यासमोर पडलं होतं. क्विंतुसचे अंगरखे, जेवणाच्या मेजावरची फडकी, बायकांच्या ओढण्या. आजाऱ्याच्या चादरी कुठे होत्या? पूर्वी दर चौथ्या दिवशी रक्ताने माखलेल्या दोन तरी यायच्या. त्याने दुकानातल्या मातीच्या पाटीवरच्या खुणा पाहिल्या. तीन आठवड्यांत एकही नाही. आणि गाठोड्याच्या तळाशी सहा काळे टोगे होते, हवा देऊन नीट घड्या घालून परत पाठवण्यासाठी. काळा टोगा माणूस सुतकात घालतो.

तो मुकाट्याने टाकीबाहेर आला आणि पाय न धुताच टेकडी चढला. स्वयंपाकघरात फिलेरोस एकटाच होता.

"मालक कुठे आहेत?"

"विश्रांती घेतायत."

"कशात? चादरीत तर नाहीत."

फिलेरोसने खांदे उडवले. "तळघरात आहेत. मधात. वास येत नाही, काळजी नको. आणखी आठ दिवसांत क्विंतुससाहेबांच्या नावाचा परवाना येतो. मग आपण थाटात अंत्ययात्रा काढू, तुझीही हौस फिटेल. आणि तोंड उघडशील तर ध्यानात ठेव, मालक म्हणून खुर्चीत कोण बसत होता? मी नव्हतो बसत. खाणीत शिक्षा भोगायला कोण जाईल ते तूच ठरव."

ओपिअस खाली उतरला. वाटेत कोरडं कोंडाळं लागलं. त्याच्या कठड्यावर विबिया बसली होती. आगीपासून ती रोज तिथे बसायची, कुणाशी बोलायची नाही. ओपिअस तिच्यासमोरून मान खाली घालून गेला. गल्लीचं पाणी काल्विदिअस अडवत नव्हता, तो तर केव्हाच मधात गेला होता. आपण अडवत होतो, रोज सकाळी हात वर करून, पांढऱ्या पावासाठी. त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यापुढे टाकीतला वास बरा वाटला.

रात्री त्याने शपथ मोडली आणि सेक्स्तियाला सगळं सांगितलं. तिला शिव्या द्यायला तोंड पुरलं नाही. मग ती एकदम म्हणाली, "पडद्याआडून तुम्ही बोललात, तर ते कोण बोललं म्हणायचं?"

"काल्विदिअस."

"आणि क्विंतुस म्हणाला, हा काल्विदिअस नाही, तर?"

ओपिअस अंधारात उठून बसला. बायकोच्या डोक्याची किंमत त्याला तेवीस वर्षांनी कळली. बऱ्याच जणांना तेवढ्या वर्षांनीही कळत नाही.

चौथ्या दिवशी संधी आपल्या पायांनी चालून आली. वारसाने अर्ज केला आहे आणि मूळ परवानेवाला तर जिवंत आहे, हे पाणीखात्याच्या कुठल्याशा तपासनिसाला खटकलं. तो दोन साक्षीदार घेऊन ऐन मुजऱ्याच्या वेळी आला. रुक्ष, सर्दी झालेला माणूस. हातात मेणाची पाटी. दिवाणखाना आश्रितांनी भरलेला होता.

क्विंतुस पडद्याआड वाकून ओपिअसच्या कानात म्हणाला, "नुसता हात वर कर."

तपासनिसाने नाक पुसलं. "आवलस काल्विदिअस, परवान्याचं पाणी आजही आपणच घेता का? होय असेल तर हात वर करा."

हात वर झाला नाही. पडद्याआडून एक कोरडा खोकला आला, मग एक ओला. अंगठी खुर्चीच्या हातावर दोनदा वाजली. "बघू, बघू," घोगरा आवाज म्हणाला, आणि मुजऱ्याच्या रांगेतले वीस लोक सवयीने अर्धे वाकले.

"अकरा वर्षं बघितलं," आवाज पुढे म्हणाला. "आता पुरे. माझं वय झालं. मासे काही वर नेता येत नाहीत. लिहून घे, तपासनीस. माझ्या परवान्याचं सगळं पाणी मी आजपासून कुंभारगल्लीच्या कोंडाळ्याला परत देतो. कायमचं. माझ्या वारसाने ते पुन्हा मागायचं नाही."

क्विंतुस पांढराफटक पडला. खडू ओपिअसच्या तोंडाला होता, पण लागला क्विंतुसला. "बाबा भ्रमात आहेत!" तो ओरडला. "त्यांच्या बोलण्याला अर्थ नाही. हे... हे ते नाहीतच!"

शाल हळूच त्याच्याकडे वळली. "क्विंतुस," आवाज शांतपणे म्हणाला, "मी ठणठणीत आहे, की मेलो आहे? एक काय ते या साहेबांना सांग. मेलो असेन तर कधी, आणि आत्ता कुठे आहे, तेही सांग."

तपासनिसाने पाटीवरून मान वर केली. सर्दी झालेली असली तरी त्याला काहीतरी वास आला असावा. शालीखाली ओपिअस खाण म्हणजे नेमकी कुठली असेल याचा विचार करत होता.

क्विंतुसने मनात हिशेब मांडला. बाप जिवंत तर पाणी गेलं. बाप मेलेला तरी पाणी गेलंच, वर महिनाभर प्रेताआडून सरकारी पाणी चोरल्याचा खटला.

"बाबांची इच्छा," तो अखेर म्हणाला, "ती माझी इच्छा."

पडद्याखालून पाटी आत सरकली. ओपिअसने अंगठी मेणात दाबली. त्या क्षणी त्याला म्हाताऱ्याची आठवण झाली, कारण पाणी देताना त्याने स्वतः तपासनिसाकडे बघितलं होतं. म्हातारा खरं सांगत होता. बघितलं की द्यावं लागतं.

दिवाणखान्यात जो जल्लोष झाला तो विचारू नका. सुतार तर ढसाढसा रडला. ओपिअसला मागच्या दाराने बाहेर काढण्यात आलं, फिलेरोसने त्याच्या कमरेत एक लाथ हाणली, आणि तेवढ्यावर प्रकरण मिटलं. शिक्षा करणार तरी कशाबद्दल? तिसऱ्या दिवशी काल्विदिअसच्या दारावर सुतकाची खूण म्हणून सुरूची फांदी लागली आणि म्हातारा एकदाचा रीतसर मेला. अंत्ययात्रेला क्विंतुसने नाटकातला महागडा नकलाकार आणला. तो डाव्या पायाने लंगडत होता. गर्दीत उभ्या ओपिअसला हे बघवेना. "उजवा, गाढवा, उजवा," तो पुटपुटला, तेव्हा सुताराने त्याला कोपराने ढोसलं. "गप रे! थोर माणूस चाललाय."

हो, थोर माणूस. पाणी आलं त्या दिवशी गल्ली नाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून काल्विदिअसचं नाव घेताना लोकांचे डोळे भरून यायला लागले. अकरा वर्षं पाणी नेणारा कुणाला आठवेना; एका सकाळी परत देणारा तेवढा उरला. परीट, कुंभार, भाजीवाल्या, सगळ्यांनी हातभार लावून कोंडाळ्यावर दगड बसवायचा ठरवला: "गरिबांचा कैवारी आवलस काल्विदिअस." पाणी त्याच्याच मुखातून पडावं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा क्विंतुस देईना. मग पाथरवटाने ओपिअसला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "नाक तसंच आहे की तुझं. तोंड उघडं ठेव."

नाक्यावरच्या देवळीत आता त्याच्या आत्म्यासाठी धूप जळतो. विबिया रोज येऊन दगडाच्या गालावरून हात फिरवते. ती पुन्हा बोलायला लागली आहे. नातींच्या गोष्टी ती त्या दगडाला सांगते.

ओपिअसला मोठ्या घरची टोपली बंद झाली, त्या घरचे कपडेही दुसऱ्या परटाकडे गेले. खरं काय ते दोघा नवराबायकोलाच ठाऊक. सांगायची सोय नाही. सांगितलं की शिक्का खोटा, आणि शिक्का खोटा की पाणी वर. एकदा तुडवता तुडवता, जुन्या सवयीने, त्याने उजवा पाय ओढला. टाकीतले परीट हसले नाहीत. त्यांनी त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

परवाचीच गोष्ट. सकाळी सेक्स्तिया घागर भरत होती. आता गल्लीच्या तोंडापर्यंतच जायचं, पाच मजले मात्र तेच. ओपिअस शेजारी उभा होता. टाकीच्या वाफेने परटांची छाती पन्नाशीत धरतेच, त्याला खोकला आला. आधी कोरडा, मग ओला. विबियाने वळून त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"मेल्या, लाज नाही वाटत? एवढं पाणी दिलं त्या देवमाणसाने, आणि तू अजून त्याची नक्कल करतोस?"

सेक्स्तियाच्या ओठावर काहीतरी आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"चुकलो, आजी," ओपिअस म्हणाला. मग तो वाकला, आणि स्वतःच्याच तोंडातून पडणारं पाणी ओंजळीत धरून प्यायला.